बप्पांची पाण्याखालची किक

नवा माणूस भेटला की आपण त्याचं तोंड बघतो. बप्पा घोटे बघायचे. मी वडवणीच्या शाळेत बदलून आलो त्या दिवशी मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "हे भूगोलाचे नवे सर." मी नमस्कार केला. बप्पांनी माझ्या सँडलकडं नजर टाकली आणि म्हणाले, "पंजा ताणून दाखवा बरं, सर." का कुणास ठाऊक, मी दाखवला. त्यांनी मान हलवली. "घोटा लई कडक हाय तुमचा. पाण्यात उपेगाचा न्हाई." आणि निघून गेले. मला पाण्यात उतरायचंच नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं.

बप्पा म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक. नाव काशिनाथ, पण शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना बप्पाच म्हणतात. गावात पोहायचा तलाव नाही. पाणी असतं ते विहिरीत, आणि पावसाळा बरा झाला तर शेततळ्यात. अशा गावात या माणसानं मुलांना शर्यतीचं पोहणं शिकवायला घेतलं होतं, आणि त्यातही त्यांचा जीव अडकला होता एकाच गोष्टीत, पाण्याखालच्या किकमध्ये. सूर मारल्यावर डोकं वर काढायच्या आधी हात पुढं ताठ धरायचे, श्वास कोंडायचा आणि दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारत जायचं. "खरी शर्यत तिथंच हाय," बप्पा म्हणायचे. "वर आल्यावर काय, समदेच हात हाणत्यात."

त्यांचा मंत्र एकच होता, "गुडघ्यातून न्हाई, कमरेतून घ्या." तो ते कुणालाही सांगत. वर्ग झाडणाऱ्या मावशींना सांगत, फळ्यावर नकाशा काढताना मला सांगत. एकदा माझी मोटारसायकल चालू होईना. मी किक मारून मारून घामाघूम झालो, तर हे शेजारी उभे. "गुडघ्यातून मारताय, सर. कमरेतून घ्या." मी कमरेतून घेतलं. गाडी तरीही चालू झाली नाही, आणि कंबर मात्र आठवडाभर धरली.

पाण्याबाहेर प्रात्यक्षिक दाखवायचं तर बप्पा शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर पालथे पडत आणि हात पुढं करून कमरेपासून खाली असे काही हलत की बाक चालू लागे. एकदा तपासणीला आलेले साहेब दारात येऊन थांबले. "यांना काय होतंय?" त्यांनी हळूच विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, "काही नाही, रोजचंच आहे. या, इकडून या."

मला खरं सांगायचं तर या सगळ्याचा कंटाळा यायचा. सलग तास, मग कुठलं तरी सर्वेक्षण, मग त्याची ऑनलाइन माहिती भरणं. मधल्या सुट्टीत डोळे मिटून बसावं एवढीच माझी इच्छा असे. पण माझ्याकडं बरा फोन होता, हा माझा गुन्हा. शाळा सुटली की बप्पा येऊन उभे राहत. "चला सर, शूटिंग घ्यायचंय." मग शेततळ्याच्या काठावर मी फोन धरून उभा. चारी बाजूंनी दोर सोडलेले, हवा भरलेल्या ट्यूबा तयार, आणि पाणी चहाच्या रंगाचं. त्यात पोरं बुडाली की चित्रीकरणात फक्त चहा दिसायचा. बप्पा मात्र बुडबुडे बघून सांगत, "बघा, गुडघा मोडला त्यानं."

त्या पोरांत काजल होती. गावाबाहेरच्या वस्तीवरची, घरी मेंढरं. बाप कळपामागं महिनोनमहिने बाहेर, आई आणि ती घरी. ही मुलगी पाण्यात शिरली की पाणी हलायचंसुद्धा नाही, आणि आपण घाबरायच्या बेतात असताना ती पलीकडच्या काठाला डोकं वर काढायची. बप्पा तिच्याकडं बघताना बोलायचे थांबत. दुसऱ्या कशानंही ते थांबत नसत.

जिल्ह्याच्या स्पर्धेआधी सरावासाठी आम्ही तिला बीडच्या तलावावर घेऊन गेलो. तिथं श्रुती मॅडम नावाची नवी प्रशिक्षक होती. वय आमच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींएवढं. तिच्याकडं पाण्याखाली चालणारा कॅमेरा होता. तिनं काजलला दोन-चारदा पोहायला लावलं आणि आम्हाला बोलावून चित्रीकरण सावकाश चालवून दाखवलं. निळ्या स्वच्छ पाण्यात काजल पहिल्यांदाच आम्हाला दिसत होती.

"हिचा दम जबरदस्त आहे सर," श्रुती मॅडम म्हणाली. "पण हे बघा. अंगाची लाट फार मोठी घेते. डोकं, खांदे, सगळंच वरखाली होतंय, म्हणून पाणी अडतं. छातीपाशी हालचाल लहान हवी, ती पायाकडं वाढत गेली पाहिजे. आणि पाय खाली मारते तेवढा जोर वर आणताना लावत नाही. परत येताना पाय रिकामेच येतायत. कोणी शिकवलंय हिला?"

काजलनं बप्पांकडं बघितलं. मी फोनकडं बघितलं. बप्पा म्हणाले, "परत एकदा दाखवा."

तिनं दाखवलं. त्यांनी आणखी एकदा दाखवायला सांगितलं. मग ते बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले.

पुढचे काही दिवस त्यांनी पोरांना नुसतं मैदानावर पळवलं. शिक्षकांच्या खोलीतला बाक जागचा हलला नाही. मला वाटलं होतं, जरा शांतता मिळाली की बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "सर, काजलच्या घरी जायचंय. तुमी चला. मला एकट्याला बोलता येणार न्हाई." बप्पांना बोलता येणार नाही, हे ऐकून मी मुकाट्यानं निघालो.

काजलची आई दारात वाळवण आवरत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं. बप्पांनी तांब्या हातात धरून ठेवला.

"ताई, पोरीला उद्यापासून बीडच्या मॅडमकडं न्यायचं म्हणतो."

"कावून? तुमी शिकीवताय की."

"मी शिकीवलं ते चुकीचं हाय."

ती हसली. तिला चेष्टा वाटली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसायची थांबली.

"मी वरून बघत हुतो," बप्पा म्हणाले. "ती बाई खालून बघती. तिला दिसतंय ते मला दिसलंच न्हाई कधी. पोरगी चांगली हाय. माझ्यापायी मागं पडू ने."

"आन् इतकी वर्सं जी पोरं शिकली ती?"

"ती बी चुकीचंच शिकली."

काजल दाराआड उभी होती. ती म्हणाली, "मंग तुमी येणार न्हाईत का?"

"येतो की. बसमधी तुला कोण बघंल?"

तेव्हापासून शाळा सुटली की बप्पा तिला घेऊन बीडची बस पकडत. कधी मीही असे. तलावावर ते पायऱ्यांवर हाताची घडी घालून बसत आणि श्रुती मॅडम सांगेल ते ऐकत. ओठ हलत, पण आवाज येत नसे. सुरुवातीला काजल पाण्यातून वर आली की सवयीनं त्यांच्याकडं बघायची. ते बोटानं मॅडमकडं दाखवत. हळूहळू ती थेट मॅडमकडंच बघायला लागली.

जिल्ह्याच्या स्पर्धेत सूर मारल्यावर बाकीच्या मुली वर आल्या तरी काजल खालीच होती, आणि वर आली तेव्हा त्यांच्या पुढं होती. शेवटी एकीनं तिला गाठलं. काजल दुसरी आली. श्रुती मॅडमनं तिला आपल्याजवळच्या वसतिगृहात ठेवून घ्यायचं ठरवलं. घरच्यांनी हो म्हटलं, कारण बप्पांनी हो म्हटलं होतं.

तिला पोचवायला बप्पा आणि मी गेलो. तिची पेटी त्यांनीच उचलली. निघताना ती पाया पडली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडमचं ऐक. माझं समदं इसर." ती रडायला लागली, तसे ते घाईघाईनं फाटकाकडं चालू लागले.

वडवणीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. शेततळ्यातलं पाणी उन्हानं तळाला गेलं होतं, बाकीची पोरं परीक्षेला लागली होती. मी घरी निघालो, तर बप्पा बाकड्यावर बसले.

"घरी नाही जायचं?" मी विचारलं.

"जायचं की." पण ते उठले नाहीत. म्हणाले, "मालन गेली तवापासनं पाचच्या पुढं घरात बसू वाटत न्हाई, सर. म्हणून पोरं जमवली. पवायचं खूळ मागनं लागलं."

मालन म्हणजे त्यांची बायको. मी या गावात यायच्या आधीच वारली होती. इतकी वर्षं बप्पांची अखंड बडबड ऐकली, त्यात हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मी त्यांना आमच्या घरी जेवायला आणलं. हिनं भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. बप्पा खाली मान घालून जेवले. किकबद्दल काही बोलले नाहीत. हिनं मला आत बोलावून विचारलं, "त्यांना बरं नाहीये का?" मी म्हटलं, "दमलेत."

जेवण झालं. मीही दमलो होतो, सकाळी पहिलाच तास होता. त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडावं म्हणून मी चप्पल घातली. बप्पा ओट्यावर उभे होते.

"थोडं बसू का, सर?" त्यांनी विचारलं.

आजवर हा माणूस कधी विचारून बसला नव्हता. मी चप्पल काढली आणि त्यांच्याआधी खाली बसलो.