सहज सुचण्यासारखं

परीक्षकसाहेबांनी पेटंट कचेरीत त्या दिवशी एक अर्ज जवळजवळ निकालात काढला. एका बाईंनी असं एन्झाइम तयार केलं होतं, की ते लोकरीवरचा डाग खाई, पण लोकरीला तोंड लावत नसे. साहेबांनी शेरा मारला : 'डाग खाणारं एन्झाइम जुनं, लोकर सांभाळणारं औषधही जुनं. दोन्ही एकत्र करणं कोणाही जाणकाराला सहज सुचेल. यात शोध कसला?'

घरी आले तर खुर्चीच्या पाठीवर विहीणबाईंची पांढरी शाल. सकाळी भेटायला आल्या होत्या, विसरल्या असाव्यात. एका हातात अंड्याची बशी धरून साहेब दुसऱ्या हाताने शाल उचलायला गेले आणि बलक थेट शालीवर सांडला.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, सासूबाईंची शाल राहिलीय ना तिकडे? सांभाळा हं. मागे त्यांच्या चष्म्यावर बसलात, ते मी आठ दिवस ऐकत होते."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. तेच ऐकत होते."

साहेबांनी फोन ठेवून डाग ओल्या फडक्याने पुसून पाहिला, निघेना. पण शेरा आपलाच, त्यावर आपलाच विश्वास नको? त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन्ही जुनी औषधं आणली, बादलीत एकत्र केली आणि शाल भिजत घातली.

सकाळी शाल वर आली ती चाळण होऊन. लोकर खाल्ली गेली होती आणि डाग सांभाळला गेला होता.

शरमेने त्यांनी मोठ्या साहेबांना फोन लावला. "तो कालचा शेरा परत घेतो."

"का हो? एका रात्रीत काय झालं?"

"करून पाहिलं. जमत नाही."

"असं तोंडी चालत नाही. पुरावा घेऊन या."

साहेबांनी शाल पिशवीत कोंबली आणि दार उघडलं. दारात विहीणबाई!

"निघालात वाटतं, व्याहीबुवा? माझी शाल राहिली होती इथे."

"ती... लाँड्रीत दिलीय."

"मग पिशवीतून काय लोंबतंय?"

साहेबांनी मान खाली घालून शाल बाहेर काढली. विहीणबाईंनी ती उजेडात धरली. भोकांतून त्यांचा अख्खा चेहरा दिसत होता.

"नवी आणून देतो," साहेब पुटपुटले. "अगदी अशीच. फक्त पोरीला काही बोलू नका."

"अशी कुठून आणणार? तुमच्या मिसेसनी विणलेली. पोरांच्या लग्नात मला दिली होती. वर्षभर तुमच्यासमोर बसून विणत होत्या म्हणे."

साहेबांनी शालीची कड बोटांत धरून पाहिली.

"मी विसरले नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "मुद्दाम ठेवून गेले. म्हटलं, त्या गेल्यापासून एकटे असता, ओळखाल, जवळ ठेवाल. ओळखलीच नाहीत?"

"नाही."

विहीणबाईंनी शालीची घडी घालून ती त्यांच्या हातात दिली. "पोरीला नाही सांगत. पण आता भिजवू नका."

साहेब कचेरीत उशिरा पोचले, तेही रिकाम्या हातांनी.

"पुरावा कुठाय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"घरी आहे. द्यायचा नाही. माझी चूक झाली म्हणून लिहा."

"अहो, चूक म्हणजे ठपका येईल तुमच्यावर. तीस वर्षांत कधी आला नाही."

"येऊ दे."

जागेवर बसून त्यांनी तो शेरा खोडला आणि त्याखाली लिहिलं : 'हे मला सुचलं नसतं.'