ठिणग्या मोजणारे भाऊराव

वर्गात मी अणूची रचना शिकवायला घेतली की मागच्या दारातून खोकला ऐकू यायचा. तिथं भाऊराव उभे असायचे, आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर कण मारून ज्यानं अणूचं केंद्रक शोधलं, त्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव मी घेतलं की खोकला वाढायचा.

"सर, पन मोजलं कोनं? ते सांगा न पोट्ट्यायले!"

मग सांगावंच लागे. मोजलं त्याच्या दोन मदतनिसांनी. मिट्ट अंधारात अर्धा तास नुसतं बसायचं, डोळे सरावले की सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरच्या बारीक ठिणग्या एकेक करून मोजायच्या. बहुतेक कण पत्र्यातून आरपार जात, एखादाच उलटा माघारी येई. त्या माघारी आलेल्यांवरून कळलं की अणूच्या मधोमध काहीतरी इवलंसं पण जड बसलेलं आहे.

"हां, आता बराबर," म्हणून भाऊराव निघून जात.

जेवणाच्या सुट्टीत ते डार्करूममध्ये जाऊन बसत. एकदा प्राचार्यांनी दार उघडलं. "झोपता काय हो?"

"झोपत नाई साहेब, डोये तयार करून राहिलो."

कशासाठी, हे विचारायची हिंमत प्राचार्यांना झाली नाही. पोरं त्यांना 'अणुभाऊ' म्हणत आणि ते खुशाल ओ देत.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी जुनं कपाट आवरताना मला वह्या सापडल्या. आमच्या विभागातल्या एका जुन्या सरांनी तोच सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग पुन्हा करून त्यावर शोधनिबंध छापला होता. ते सर आता हयात नाहीत. वह्यांतले ठिणग्यांचे सगळे आकडे भाऊरावांच्या अक्षरात होते, निबंधात मात्र त्यांचं नाव कुठंच नव्हतं. त्या खोकल्याचा अर्थ मला लागला, असं मला वाटलं.

वह्या घेऊन मी महाल भागात त्यांच्या घरी गेलो. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. सून चहा ठेवून आत गेली.

"भाऊराव, निबंधात तुमचं नाव राहिलं. मी लिहितो त्याबद्दल."

"नावाचं राहू द्या सर. सरायनं माह्या डोयावर भरोसा ठेवला, लय झालं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मारबतीच्या दुसऱ्या दिवसाचं पान हाय का त्यात?"

होतं. पोळ्यानंतर आमच्या शहरात मारबतीची मिरवणूक निघते; तिच्या दुसऱ्या दिवसाची नोंद कडेला लिहिलेलीच होती.

"त्या दिवशी सकाळी माही लहानी पोरगी गेली. तापानं. तिले मातीत ठेवून दुपारी कामावर आलो, घरी बसवत नव्हतं. सरायले सांगतलंच नाई. अंधारात बसलो तं डोये भरून येत. एका ठिनगीच्या दोन दिसत. तसाच मोजत गेलो. तो आकडा चूक असन, सर. अन् तसाच छापला गेला. चाळीस वर्सं झाले, कोनाले बोललो नाई."

मी मागची पुढची पानं ताडून पाहिली. दोनदा.

"आकडा बरोबर आहे, भाऊराव. आजूबाजूच्या दिवसांशी जुळतो."

"मले बरं वाटावं म्हनून नोका सांगू."

मी तिन्ही दिवसांचे आकडे सावकाश वाचून दाखवले. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"चंदा म्हनत होतो तिले," ते म्हणाले, आणि हुंदके देऊन रडू लागले.

आतून सून धावत आली. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"सर, चंदा कोन?"