अकराच्या आत पाणी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमची जयंती म्हणते. साफ चूक! सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून तो डोक्यातच मुक्कामाला आहे.

परवा आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचे नळ दोन दिवस कोरडे होते. तिसऱ्या मजल्यावरचा केयूर सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, झेपत नसेल तर सोडा ना खुर्ची!"

मी भडकलो. "टँकर सांगितलाय मी! अकराच्या आत टाकीत पाणी पडलं नाही, तर खुर्ची सोडली! विद्याधर म्हणतात मला!"

या केयूरला माझं काम दिसतच नाही. गेटसमोर कोणीही उपटसुंभ गाडी लावायचा. गेल्या रविवारी मी स्वतः पत्र्याचा बोर्ड रंगवून गेटच्या खांबाला ठोकला: 'येथे गाडी उभी केल्यास हवा काढण्यात येईल. हुकमावरून, सेक्रेटरी.' तर हा शहाणा म्हणे, "काका, स्क्रू लावा, खिळ्यांवर राहणार नाही." ह्याचं ऐकायला मी काय खुळा आहे?

असो. साडेदहाला टँकर आला. गेटच्या चढावर रिव्हर्स घेताना आवाज झाला, फट्ट! मागचं चाक बसलं. टँकर ना आत, ना बाहेर!

"बघतोस काय? जॅक लाव, चाक बदल!" मी ओरडलो.

ड्रायव्हर दशरथने आधी हँडब्रेक ओढला, मग शांतपणे चाकांमागे दोन मोठे दगड लावले. "साहेब, दहा हजार लिटर भरलंय. चढावर भरल्या गाडीला मी जॅक लावणार नाय. आधी पाणी उतरवा."

"अरे, पंचवीस मिनिटं उरलीत! माझी खुर्ची जाईल!"

"तुमची खुर्ची जाईल, माझा जीव जाईल. बोला, काय जाऊ दे?"

काय उलट बोलतो हो! पाइप लावून बघितला, तो टाकीपासून वीस फूट आधीच संपला. संतापून मीच जॅक उचलायला गेलो. जॅक जागचा हलला नाही, माझी कंबर मात्र हलली.

"अहो, ठेवा तो!" जयंती वरून ओरडली. "तुम्हाला उचलायला कोण येणार?"

शेवटी तिनेच बादली आणली. तिच्यामागून अख्खी बिल्डिंग बादल्या, पातेली, कुकर घेऊन उतरली. गेटपासून टाकीपर्यंत रांग लागली. केयूर माझ्या शेजारीच, दर बादलीला विचारायचा, "काका, किती वाजले?"

अकराला दोन कमी असताना पहिली बादली मी टाकीत ओतली. शब्द म्हणजे शब्द!

एक वाजता टँकर रिकामा झाला. "खिळाच घुसला असणार," म्हणत दशरथने सगळ्यांना लांब उभं केलं आणि जॅक लावला. माझी कंबर ठणकत होती, डोकं त्याहून जास्त. मी सगळ्यांसमोर गरजलो, "ज्याच्या खिळ्याने हा प्रताप केलाय ना, त्याचं नाव नोटीस बोर्डावर महिनाभर लावीन! लाल अक्षरांत! मग तो कोणीही असो!"

टाळ्या पडल्या. केयूरनेसुद्धा वाजवल्या.

दशरथने मागच्या जोडचाकांतलं बाहेरचं चाक काढलं. आतल्या चाकात खिळ्यासकट एक चेपलेला पत्रा रुतला होता. त्याने तो पकडीने ओढून काढला आणि केयूरच्या हातात दिला. केयूरने पत्रा पुसला, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचलं, "हवा काढण्यात येईल. हुकमावरून, सेक्रेटरी."

आमच्या नोटीस बोर्डाला कुलूप असतं. त्याची किल्ली माझ्याकडेच असते. सध्या ती सापडत नाहीये.