काखेत सैल केलेला शर्ट

हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्ही म्हणजे त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून सगळ्यांना एकच मेसेज पाठवणारे जे कोणी आहात ते. खाली नाव टाकायची तुमची कधी हिंमत झाली नाही, म्हणून नुसतं 'तुम्ही'. 'येताना सैल आणि सोयीचे कपडे घालावेत.' एवढं लिहून तुम्ही हात झटकलेत. ज्याला हात झटकता येतात त्याला असलं लिहायला काय जातं? ज्या बाईला तुम्ही हे पाठवलंत तिचा उजवा हात कमरेच्या वर जात नव्हता.

ती बाई म्हणजे उसवामावशी. गल्लीच्या तोंडाशी तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान. दुसऱ्या शिंप्यांनी शिवलेलं उसवून धड करण्यात तिचा जन्म गेला, म्हणून हे नाव. सैल या शब्दाचा तिला तिटकारा होता. सैल म्हणजे शिंप्याला माप घेता आलं नाही, असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची आणि वर त्याच्या पाठीत टाचणी टोचायची. तिच्या घरात नवऱ्याच्या पायजम्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं अंगाबरोबर. अभ्रा चढवायला दोन माणसं लागत.

सैल म्हणावं असं घरात एकच होतं, तिचा पानापानांचा जुना गाऊन. तोच अंगात घालून ती वर्षानुवर्षं कापड बेतत आली होती. तो पार विरला तेव्हा नवऱ्यानं कपाटातून काढून नेला. खांदा धरला तोही त्याच सुमारास. आधी कातर जड झाली, मग हात वर जाईना, मग बाहीत घालायलाही नवरा लागायला लागला.

दुकानाची जागा सासऱ्यांची, मावशी आणि तिची धाकटी जाऊ दोघींच्या नावावर. जाऊबाईंना तिथं मोबाइलची कव्हरं विकायची होती. त्या विचारपूस करायला आल्या त्या मापाची टेप घेऊनच. "ताई, तुम्ही आता आराम करा हो," असं म्हणत म्हणत त्यांनी मागची भिंत मोजली. मावशीच्या नवऱ्यानं मध्ये पडून तोडगा काढला : महिनाअखेरपर्यंत हात चालला तर दुकान मावशीचं, नाहीतर कव्हरांचं.

पहिल्या दिवशी मावशी दवाखान्यात गेली ती नेहमीच्या घट्ट बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. फिजिओबाई वयानं लहान, स्वभावानं बरी.

"मावशी, खांदा दाखवा."

"हा काय."

"कपड्याच्या आतला."

तो काही निघेना. फिजिओबाईनं दोन बोटं बाहीत घालून बघितली, ती अडकली, ती सोडवण्यातच निम्मा वेळ गेला. दुखतं कसं, एवढं मात्र तिनं विचारून घेतलं. मावशी म्हणाली, रोज सकाळी कुणीतरी हात पिळून काढतं. मग झटकतं. मग दुपारभर वाळत घातल्यासारखा लोंबत राहतो.

"झटकतं म्हणजे?"

"झटकतं म्हणजे झटकतं."

फिजिओबाईनं 'वेदना तीव्र' असं लिहिलं आणि पुढच्या वेळी सैल कपडे घालून या, मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, असं सांगून परत पाठवलं. ऐकताय ना? तुमच्याच मेसेजचा दाखला दिला तिनं.

आता सैल आणायचं कुठून? नवऱ्याचे शर्ट त्याच्या अंगावर जेमतेम बसायचे. नवं घ्यावं तर दुसऱ्या शिंप्यानं शिवलेलं मावशी अंगाला लावणार नाही. तेव्हा तिला दुकानाच्या मागच्या खिळ्यावरचे कपडे आठवले. लोक दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, असे. मावशी सहसा त्या कोपऱ्याकडे बघत नसे. संध्याकाळी पंखा बंद केल्यावरही तिथली एखादी बाही हलत राही, आणि आपण त्याला वारा म्हणतो.

त्यांत एक राखी रंगाचा पुरुषी शर्ट होता. समोर बटणं, अर्ध्या बाह्या. काखेत सैल करून द्या, हात वर करताना ओढतो, असं सांगून कुणीतरी टाकला होता. मावशीनं दोन्ही मुंढे उसवून आत पट्टी घातली होती. आयुष्यात मुद्दाम सैल केलेलं तेवढं एकच काम. तिनं तो खिळ्यावरून काढला, नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिचा उजवा हात आपला आपणच बाहीत शिरला. बिळात जनावर शिरावं तसा, न चाचपडता.

आरशात बघते तर हात वर चाललेला. कमरेवर, छातीवर, खांद्यावर, डोक्यावर. दुखलं कणभरही नाही. वर जाऊन तो थांबला, पंजा मागे वळला आणि चार बोटं हळूहळू मिटू-उघडू लागली. ये. ये. ये. मावशीनं डाव्या हातानं त्याला खाली ओढलं. डावा सोडला की उजवा पुन्हा वर.

भ्यावं की आनंदावं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं जावेची टेप डोळ्यांपुढं आणली आणि आनंदायचं ठरवलं.

दवाखान्यात जायला ती रस्त्यावर आली तसा हात पुन्हा उठला. कडेला एक टेम्पो उभा होता. त्याच्या आरशात तो हात दिसला असावा, कारण टेम्पो सुरू झाला आणि आवाज न करता मागे यायला लागला. मागे, मागे, मावशीच्या पायापर्यंत. हातानं खाली येऊन टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. धप, धप. टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरला, त्याच्या तोंडावर झोपेतून उठवल्यासारखा भाव.

"मागं घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?" मावशीनं विचारलं.

"तुम्हीच की," तो म्हणाला. "असं कुणी बोलावलं की जावंच लागतं."

पुढच्या वळणावर एक सायकलवाला पाय टेकत टेकत उलटा आला. एक बाई बाबागाडी मागे ओढत आली, बाळ मात्र मावशीकडे तोंड करून हसत होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी एक कुत्रं शेपटीकडून चालत आलं आणि पाठ करूनच बसलं. कुणी भांडलं नाही. मावशीला तेच जास्त वाईट वाटलं. भर रस्त्यात गाड्या उलट्या येतात आणि एक माणूस शिवी देत नाही, हे काही बरं लक्षण नव्हे.

फिजिओबाईनं कोन मोजायची पट्टी लावली आणि हात पार कानाला टेकलेला बघून हरखली. मावशी, तुमच्याइतक्या लवकर कुणी बरं झालं नाही, असं ती म्हणाली, आणि शेक द्यायला म्हणून तिनं शर्ट खांद्यावरून खाली सरकवला.

हात धपकन मांडीवर पडला.

शर्ट वर केला, हात वर. शर्ट खाली, हात खाली. फिजिओबाईनं आणखी एकदा करून बघितलं, मग दाराबाहेर बघितलं, मग पडदा ओढून घेतला.

"मावशी, हे आम्हाला शिकवलेलं नाही," ती हळूच म्हणाली.

"मला तरी कुठं शिकवलंय."

"मग शर्ट घालूनच व्यायाम करू. सैल आहे ना, चालेल."

तिनं खांद्यावर शर्ट चढवला, तशी हातानं बोटं मिटायला-उघडायला सुरुवात केली. या वेळी पडद्याकडे. ये. ये. ये. पलीकडे खुर्ची सरकली. पावलं ऐकू आली, अडखळत, चवड्याकडून टेकणारी. मग पडदा फुगला आणि त्यातून एका माणसाची पाठ आत आली. माणूस तसाच मागे मागे येत मावशीच्या खाटेला टेकला. हातानं त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली. धप, धप.

माणूस वळला. त्याचाही उजवा हात लोंबत होता. त्यानं मावशीच्या तोंडाकडे बघितलंच नाही, सरळ शर्टाकडे बघितलं.

"हा माझा."

"ओळखलं," मावशी म्हणाली. "काखेत सैल करायला टाकला होतात. न्यायला का नाही आलात?"

तो बस डेपोत होता. बसच्या मागे उभं राहून हातानं बोलवत बोलवत गाडी जागेवर घ्यायची, हेच त्याचं काम. शर्ट दुरुस्तीला टाकला आणि दुसऱ्या दिवशी हात उठेना. डेपोवाल्यांनी त्याला हरवलेल्या छत्र्या सांभाळायला बसवलं. वरच न जाणाऱ्या हातासाठी काख सैल केलेला शर्ट न्यायचा कशाला, म्हणून तो आला नव्हता. सांगता सांगता तो थांबला. मावशीच्या बाहीतल्या हाताकडे बघत राहिला.

"म्हणजे माझा हात तुमच्या दुकानात टांगला होता होय."

हा शर्ट दिला की दुकान गेलं. न द्यावा तर आजवर तिनं गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा ठेवून घेतला नव्हता. पण शिंप्याच्या जिभेवर अशा वेळी जे येतं तेच तिच्याही आलं.

"काजं राहिलीत. उद्या या."

तोंड उद्या या म्हणत होतं आणि हात त्याच्या नाकासमोर ये, ये, ये करत होता. खोटं उघडं पडायचे पुष्कळ प्रकार मावशीनं पाहिले होते, पण आपल्याच खांद्यातून कुणी असं फितूर झालेलं नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि डाव्या हातानं बटणं काढली. फिजिओबाईनं तिच्या अंगावर चादर टाकली. डेपोवाल्यानं शर्ट चढवला, त्याचा हात उठला, आणि तो माणूस पडद्याआड जाऊन लहान मुलासारखा रडला. मावशीचा हात मांडीवर पडून राहिला.

दवाखान्याची चादर पांघरून ती घरी निघाली. डोक्यात एकच भुंगा. त्याचा हात त्याच्या शर्टात होता. मग माझा कशात आहे?

उंबऱ्यावर पाय ठेवला आणि खांद्यात तीच कळ आली, कुणीतरी पिळून काढल्याची. समोर नवरा बादलीपाशी बसून फरशीचं फडकं पिळत होता. त्यानं ते झटकलं. मावशीचा हात झटका बसून हलला. त्यानं ते दोरीवर टाकलं. मावशीचा हात लोंबला. फडक्यावर काळपट झालेली पानं पानं होती.

"अहो, हा माझा गाऊन."

"होता," नवरा म्हणाला. "मस्त पाणी ओढतो. काय झालं?"

मावशीनं बाकीचे तुकडे कुठे, एवढंच विचारलं. एक सायकलच्या साखळीला, एक मोरीत, एक गॅसपाशी. सगळे गोळा करून तिनं डाव्या हातानं जोडले. तिच्या हातून कधी झाली नसेल इतकी वेडीवाकडी शिवण, आणि सैल तर इतकं की आत आणखी एक मावशी मावली असती. फिनेलचा वास सुटलेला तो प्रकार तिनं अंगात घातला. हात उठला. दोन बोटं कातरीसारखी उघडली, मिटली. तिचाच हात, यात शंका नव्हती.

दुकानात जाऊबाई टेप लावून फळ्यांची जागा ठरवत होत्या. मावशीनं टेप त्यांच्या हातातून घेतली आणि कातरीनं शेंड्यापासून बुडख्यापर्यंत उभी चिरली, एक धागा इकडे नाही की तिकडे नाही. ते बघून जाऊबाई आराम करायला आपल्या घरी गेल्या.

पण आयुष्यभर फडकं घालून दुकान चालवता येत नाही. गिऱ्हाईक नाक धरतं. धुवायला घ्यावं तर पिळायचं कुणी? हात कापडातून निघून पुन्हा खांद्यात यायला हवा, आणि त्याला वाट करून देणं हे फिजिओचंच काम. म्हणून ठरल्या वेळी मावशी त्याच वेषात तुमच्या दवाखान्यात आली. काउंटरवरच्या मुलीनं तिला दारातच अडवलं. असल्या कपड्यांत आत सोडत नाहीत, म्हणाली.

"सैल आहेत," मावशी म्हणाली. "सोयीचे आहेत. तुम्ही लिहिलंत तसे."

मुलगी मान हलवत राहिली. मावशीची दोन बोटं हवेत उघडली, मिटली. मुलीनं का कोण जाणे, आपली बाही दुसऱ्या हातानं घट्ट धरली आणि मागे सरकली. पण आत सोडलं नाही.

मावशी अजून पायरीवर बसलेली आहे. तेव्हा मेसेज पाठवणाऱ्यांनो, बाहेर या आणि तिच्यासमोर उभं राहून सांगा. सैल लिहिलंत, सोयीचे लिहिलंत. कुणाचे, ते का नाही लिहिलंत?