खोत हवालदारांची चाळणी

खोत हवालदार रेडिओवर ओरडत असत. रेडिओतल्या माणसावर नव्हे, खुद्द रेडिओवर. "माणूस हाय का डबा? नीट बोल की!" ही गर्जना माधवनगरात आमच्या भिंतीपलीकडून दर रविवारी सकाळी आठला येई. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. सुट्टीच्या दिवशीही मला गजर लावावा लागत नसे.

लष्करात त्यांनी बिनतारी संदेशांचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर रीतसर परवाना काढून, मोडीतला एक लष्करी सेट दुरुस्त करून ते दूरदूरच्या हौशी रेडिओवाल्या मंडळींशी बोलत. मंडळींशी म्हणजे मुख्यतः एकाशी. मेढ्याचे येसबा हे पलटणीतले त्यांचे जोडीदार. "येशानं मैदानात हुकूम सोडला की खेचरं सुदीक सावधान व्हायची," असं खोत सांगत.

एकोणीसशे बहात्तरच्या सुमारास त्या येसबांचा आवाज किरटा, फाटका येऊ लागला. खोतांनी निदान केलं: सेटचा दोष.

निदान अगदीच निराधार नव्हतं. सेट मुळात मोर्सच्या, म्हणजे तारयंत्राच्या, कट्ट-कडकट्टसाठी बनवलेला. त्यातला काड्यापेटीएवढा फिल्टर आवाजाची बारीक चीर तेवढी आत सोडी. खोत त्याला चाळणी म्हणत. "ह्या चाळणीनं माझ्या दोस्ताचा कोंडा केलाय!" असं म्हणून त्यांनी ती उपसून काढली. "दिली उकिरड्यावर फेकून," हे मला तीनदा सांगितलं. मग मोठे कंडेन्सर बसवले. मग बंद पडलेल्या तंबू थिएटरचा ताटाएवढा स्पीकर आणला आणि तो बसवण्यासाठी खोतवहिनींच्या लग्नातल्या लाकडी पेटीला गोल भोक पाडलं.

"आवं, माझ्या म्हायेरची पेटी ती!"

"मग झ्याकच की. तुझ्या म्हायेराला आवाज फुटंल."

"तुमचा काय कमी पडतोय व्हय?" वहिनींनी विचारलं.

पेटी खरोखर बोलू लागली. पुण्याचे एक प्राध्यापक तिच्यातून शेजारी बसल्यासारखे ऐकू येत. येसबा मात्र तसेच, पत्रा खरवडल्यासारखे. मी ही विसंगती नोंदवली.

"प्राध्यापकांचा आवाज तर भरदार येतो."

त्यांनी तारांना कथिलाचा डाग द्यायची तापलेली कावी खाली आपटली. "पेपरवाल्यांनी छापावं! ऐकायचं काम आमचं हाय!" त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढचे दोन रविवार मेढ्याहून काहीच आलं नाही. दोन्ही दिवशी खोतांनी सेट पूर्ण उघडला, सेटच्या कारखान्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि पुन्हा मिटला.

तिसऱ्या रविवारी मी तिथंच होतो. काट्याच्या ठरल्या जागी आवाज आला नाही, मोर्स आला. चाळणी नसल्यानं आजूबाजूची चार स्टेशनं एकदम घुसत होती. खोतांनी पेटीला कान लावला.

"गप बसा सगळी!" ते खेकसले. बोलत कुणीच नव्हतं.

मग हळू म्हणाले, "येशाचा हात हाय."

प्रत्येकाची मोर्सची कळ दाबायची ढब निराळी असते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी पेन्सिलीनं उतरवून घेतलं. कागद मी वाचला: घशाचं आपरेशन झालं. आता हातानंच बोलणार. सेटला शिव्या देऊ नको.

खोतांनी आपली कळ दाबत चारच शब्दांचं उत्तर पाठवलं. मग उठून फळीवरचा तंबाखूचा डबा काढला. आत कापसात गुंडाळलेली चाळणी होती.

ती त्यांनी पुन्हा जागेवर बसवली. हाताला चटका बसला. शिवी आली नाही. बाकीची स्टेशनं बाजूला झाली आणि कट्ट-कडकट्ट एकटं, स्वच्छ येऊ लागलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"बोलतोय," ते म्हणाले. "तुमी जरा गप ऱ्हावा."