तात्यांचे ट्वीटर

"बसवून कशाला घ्यायचे? जन्मभर घड्याळं उघडली मी, गाडीचं दार मला जड जातंय होय!" असं म्हणत तात्यांनी दुकानदाराच्या हातातून स्पीकरचा खोका ओढूनच घेतला.

दुकानदार काचा हादरवणारे स्पीकर दाखवत होता, पण तात्यांना ढमढम नको होती. त्यांना लेकीचं बोलणं हवं होतं! ती दूरदेशी. फोन यायचा, पण तात्यांना कमी ऐकू यायचं. "काय? काय म्हणालीस?" असं तिसऱ्यांदा झालं की ती म्हणायची, "जाऊ दे बाबा, नंतर बोलू." मग घर खायला उठायचं. आता तिचा फोन गाडीच्या स्पीकरवरच घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"शब्द स्पष्ट हवेत ना? मग दारात साधे स्पीकर आणि वर काचेशेजारच्या खांबाला हे ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर. तोंड तुमच्या कानाकडे ठेवा," दुकानदार म्हणाला होता.

तात्यांनी दारांची आवरणं काढली, स्पीकर बसवले, ट्वीटर कानाच्या रोखाने वळवले, आवरणं परत ठोकली. झालं! ऐटीत आत बसून दार ओढलं, गाणं लावलं. वा! गायिका जणू मांडीवर बसून गात होती.

उतरायला गेले तर हँडल लुळं! आतल्या हँडलची तार जोडायचीच राहिली. पुढच्या दोन्ही दारांची! काचांच्या स्विचचीही तीच गत. मागची दारं चाइल्ड लॉकमुळे आतून उघडेनात; ते नात आली होती तेव्हा लावलेलं. ती येऊन चार वर्षं झाली.

हॉर्न केव्हाचाच बिघडलेला. तात्यांनी काच बडवली. समोरच्या गॅलरीतल्या वहिनींनी हसून हात हलवला. "आज खुशीत दिसतायत!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. तात्यांनी दोन्ही हात हलवले. वहिनींनीही दोन्ही हलवले!

तेवढ्यात गाणं थांबलं आणि गाडीच्या स्पीकरवर लेकीचा फोन वाजला.

"बाबा, ऐकू येतंय?"

शब्द न् शब्द! "येतंय गं, बोल!"

ती बोलत सुटली. नातीचा पडलेला दात, जळलेली भाजी, खडूस साहेब. तात्या घामाने निथळत होते. अडकलोय म्हणावं, तर ती घाबरून फोन ठेवणार आणि शेजाऱ्यांना लावणार. तात्या म्हणाले, "हं, मग पुढे?" घाम काय, पुसता येतो!

अर्ध्या तासाने बाहेरून दार खाडकन उघडलं. वहिनी! "अहो तात्या, मघापासून हात हलवताय, काही हवंय का?"

"श्श! लेकीचा फोन आहे! दार लावा आधी!"

वहिनींनी बिचाऱ्यांनी दार घट्ट लावलं आणि त्या घरी गेल्या.

"चला बाबा," लेक म्हणाली, "ठेवते आता."