गोडबोलेकाकांचं अप्पर पेनिन्सुला

‘‘तुमचा निनाद मिशिगनलाच ना? मी ऑफिसच्या कामाने डेट्रॉइटला चाललोय, संध्याकाळी त्याच्याकडे चहाला जाऊन येतो की!’’ मी जेवता जेवता बोलून गेलो, आणि गोडबोलेकाकांनी माझ्या पानातली पोळी उचलली.

‘‘आल्झो,’’ काका म्हणाले. इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला, केमिस्ट म्हणून अख्खी नोकरी काढलेल्या काकांचं व्याख्यान असंच सुरू होतं. ‘‘ही अर्धी पोळी म्हणजे अप्पर पेनिन्सुला, मिशिगनचा वरचा तुकडा, निनादचा मुलूख. वर पापड, लेक सुपीरियर. खाली कोशिंबिरीची वाटी, लेक मिशिगन. डावीकडे तुझं ताट, विस्कॉन्सिन. आणि तुझं डेट्रॉइट पार तिकडे, फ्रीजपाशी. मध्ये पाणी! राज्य एक, पण जमीन चिकटलीय दुसऱ्याच राज्याला. जोडणारा काय तो एक पूल. दिवसभर गाडी हाण, मग मिळेल चहा.’’

तांब्याच्या खाणी, फिनलंडहून आलेली माणसं, खिडकीपर्यंत चढणारा बर्फ, सगळं काकांना पाठ. खाणकामगारांची पेस्टी म्हणजे ‘‘आपली करंजीच रे, फक्त तिखट. आत बीफ, म्हणजे आपली नाही.’’ ट्राममध्ये एका जर्मन आजीला त्यांनी हे ऐकवलं. ती मधल्याच स्टॉपवर उतरून गेली.

काका स्वतः तिथे कधी गेलेले नाहीत. काकू वारल्यापासून निनाद त्यांचा फोन उचलत नाही. का, या एकाच विषयावर काकांचं व्याख्यान नाही.

तर शनिवारी भाड्याची गाडी घेऊन निनादकडे जायचं मी कबूल केलं. काकांनी स्वतः बेसनाचे लाडू वळून दिले.

डेट्रॉइटहून मी निनादला फोन केला. ‘‘तुम्ही कधीही या,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘पण बाबांनी पाठवलं म्हणून येत असाल तर नको.’’

मी गेलो नाही. हॉटेलच्या खोलीत बसून सगळे लाडू मीच खाल्ले. चांगले झाले होते.

परतल्यावर मी आणि बायको काकांकडे गेलो. त्यांच्या जिन्यात सुचलेली थाप मी दारातच ठोकून दिली, ‘‘वाऱ्यामुळे पूल बंद होता, काका. लाडू पोस्टाने पाठवले.’’

 काका म्हणाले, ‘‘गेनाऊ, बरोबर. वारा असतोच तिथे.’’ बस, एवढंच. चहा टाकायला आत गेले.

घरी येताना ट्राममध्ये मी बायकोला म्हटलं, ‘‘पटलं हं त्यांना.’’

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘अहो, त्या पुलावरचा कॅमेरा इंटरनेटवर दिसतो. शनिवारभर काका तोच लावून बसले होते. तुमची गाडी कुठल्या रंगाची, म्हणून मला फोन करून विचारत होते.’’